पाचटाचा हिशेब आणि मुलांसाठी नवी वाट

सभासद बंधू-भगिनींनो,

फडातले पाचट जाळू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आता काही ठिकाणी कंपन्यांची माणसे बांधावर येऊन म्हणतात, "पाचट राखा, कार्बनचे पैसे देतो." हे प्रकरण काय आहे आणि त्यात आपल्या मुलांना काम कुठे आहे, ते थोडक्यात पाहू.

एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ दिला नाही, किंवा जमिनीत-झाडांत साठवला, की एक कार्बन क्रेडिट धरतात. धूर सोडणारे उद्योग ते विकत घेतात. १९९७ च्या क्योटो करारातून हा व्यवहार वाढला. बगॅसवर वीज करणारे देशातील काही साखर कारखानेही त्यात उतरले होते. आपल्याकडे २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. नाबार्डला ग्रीन क्लायमेट फंडाची मान्यता २०१५ सालीच मिळाली आहे.

मात्र पैसा नुसत्या शब्दावर मिळत नाही. आधी काय होत होते, नवीन काय केले, किती टन वाचले, हे मोजून तिऱ्हाईत संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. म्हणूनच जो सभासद दहा वर्षे पाचट कुजवतो आहे, त्याला जुन्या कामाचे क्रेडिट सहसा मिळत नाही. त्याला वाईट वाटेल, पण नियम तसा आहे.

या मोजमापातच नोकऱ्या आहेत. मातीचे नमुने घेणे, नकाशावर गट आखणे, जंगलात १.३७ मीटर उंचीवर झाडाचा घेर मोजणे, प्रकल्पाचे कागद लिहिणे, तपासणी करणे, बँकेत कर्जाची जोखीम पाहणे. कृषी पदवी वा पदविका, वनशास्त्र (दापोलीला शिकवतात), अर्थशास्त्र, वाणिज्य, यांतले काहीही चालते. जोडीला संगणकावरील नकाशे, आकडेमोड आणि इंग्रजीत अहवाल लिहिण्याची सवय हवी. शेतात वाढलेल्या पोराला खोडवा समजावून सांगावा लागत नाही, हे त्याचे भांडवल.

तोवर कोणी करार पुढे केला तर सही घाईने करू नका. मुदत किती, वाटा किती, मोजणीचा खर्च कोणाचा, मध्येच फड पेटला तर काय, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे कागदावर घ्या आणि शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला तो कागद वाचायला लावा. पैसे येवोत न येवोत, पाचट राखल्याने जमीन सुधारतेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी