कण लहान झाला की धातूचं वागणं का बदलतं?



"खडूचे कितीही तुकडे केले तरी तो खडूच." हे वाक्य आपण वर्गात नेहमी सांगतो. ते बरोबर आहे, पण अर्धंच. कण काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतका झाला, की धातू तोच राहतो, पण त्याचं वागणं बदलतं. हिंजवडीच्या आयटी पार्ककडे पाहून हे समजून घेऊया.

१. रंग

तिथल्या काचेच्या इमारती मुलांनी पाहिलेल्या असतात. उष्णता परतवणाऱ्या काचांच्या एका प्रकारात चांदीचा साधारण १० ते १५ नॅनोमीटर जाडीचा थर असतो. थर सलग असला की उजेड आत येतो आणि अवरक्त किरण बाहेर परततात. पण थर फारच पातळ झाला, तर चांदी सलग पसरत नाही. काचेवरच्या पाण्याच्या थेंबांसारखी तिची सुटी बेटं बनतात. बेटातले इलेक्ट्रॉन तेवढ्याच जागेत झुलतात आणि प्रकाशातला ठराविक रंग शोषतात. बेट लहान-मोठं झालं की तो रंग बदलतो. अशी काच रंगीत दिसते आणि उष्णताही नीट अडवत नाही.

सोन्याचंही तसंच. सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव लाल दिसतो, याचा अभ्यास मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये मांडला.

२. चुंबकत्व

आता इमारतीच्या आत, कॉम्प्युटरकडे येऊ. हार्ड डिस्कच्या तबकडीवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. त्यातले कण साधारण ८ नॅनोमीटरचे. प्रत्येक कण एक छोटा चुंबक, आणि त्याची दिशा म्हणजेच साठवलेली माहिती. जास्त माहिती बसवायची तर कण लहान हवेत. पण दिशा टिकवणारी ऊर्जा कणाच्या आकारमानावर अवलंबून असते. गोल कणाचा व्यास निम्मा केला, की आकारमान एक अष्टमांश उरतं. मग खोलीतली साधी उष्णताही ती दिशा उलटवू शकते आणि माहिती पुसली जाते! म्हणून कोबाल्टमध्ये प्लॅटिनम मिसळतात; त्यामुळे लहान कणही दिशा धरून ठेवतो.

वर्गात काय कराल?

खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवा. एक पारदर्शक, दुसरी पांढरी, साखर मात्र एकच. इथे कारण वेगळं आहे, प्रकाश विखुरतो; हे मुलांना जरूर सांगा. पण "पदार्थ कोणता?" याबरोबर "कण केवढा?" हा प्रश्न त्यांना इथूनच सुचेल.