कुंडीतली मेथी आणि मनाचा तोल

परसबागेने मन शांत होतं, हे आता इतक्यांदा सांगितलं जातं की ते एकदा तपासून पाहायला हवं. मन शांत होतं म्हणजे नेमकं काय होतं?

आग्नेस व्हान डेन बर्ग आणि मारिएट कस्टर्स यांनी नेदरलँड्समध्ये केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग काहींनी अर्धा तास आपल्या वाफ्यात काम केलं, उरलेल्यांनी घरात बसून वाचन केलं. ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसोल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्यांचं अधिक. त्यांची प्रसन्नताही पूर्ववत झाली. वाचणाऱ्यांची मात्र आणखी घसरली. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे टोचेल, मलाही टोचलं. अर्थात ही सारी माणसं मुळातच बागेची हौस असलेली. त्यामुळे बाग हे सर्वांवरचं औषध आहे, असं यावरून म्हणता येत नाही.

रेचल आणि स्टीफन कॅपलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने एक कारण सुचवलं आहे. कामावर बळेच खिळवलेलं लक्ष थकतं. निसर्गात ते आपसूक, हलकेच ओढलं जातं आणि त्याला विसावा मिळतो. हे मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. नुसतं पाहणं आणि पिकवणं यांत फरक आहे.

तो फरक मातीत बोट घातल्यावर कळतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही असावं लागतं आणि हवाही. माया म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतत राहिलं, की हवेची जागा जाते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. म्हणून वरची बोटभर माती कोरडी लागली तरच मी पाणी घालते. ओल लागली तर हात मागे घेते. काळजी असूनही काही न करणं, हा धडा घरातल्या माणसांच्या बाबतीत मला कधी जमला नव्हता. कुंडीने तो रोज गिरवून घेतला.

दुसरा धडा वेळेचा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. रगडून पेरलेले धणे आठ-दहा दिवस काही दाखवत नाहीत. मिरची बी पेरल्यापासून अडीच-तीन महिने घेते. एकाच गॅलरीत या तिघींच्या तीन चाली असतात आणि आपल्या घाईने एकही बदलत नाही.

तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, असं परंपरा सांगते. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात एक अनुभव उरतो: शांतता कामानंतरच्या फुरसतीत शोधायची नसते, ती कामातच असू शकते. मात्र ते काम हाताच्या आवाक्यातलं हवं आणि त्याचं फळ आपल्या हुकमाबाहेरचं.