गणिताचा जादा क्लास लावायचाय? आधी हे पाहा

शाळा सुरू होऊन महिनाभर झाला की साखरखेर्ड्यात पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, पोरीले अबॅकसले टाकू का?" कोणी वैदिक गणिताचं विचारतं, कोणी स्कॉलरशिपच्या बॅचचं. पाच-सात वर्षांपूर्वी हे क्लास बुलढाणा-चिखलीला जाऊनच करावे लागायचे, आता ते गावापर्यंत आलेत. चांगलंच आहे. पण क्लासची फी बहुतेक घरांत सोयाबीनच्या पैशातून जाते, आणि मुलाची रोजची संध्याकाळही जाते. म्हणून "कोणता क्लास चांगला?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आपल्या मुलाला नेमकं काय हवंय, ते आधी पाहू.

घरीच एक छोटी तपासणी करा. मूल तिसरी-चौथीत असेल तर ३०२ मधून १५८ वजा करायला सांगा. उत्तर १४४ आलं तर ठीक. पण पुष्कळ मुलं २५६ लिहितात. कशी? प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात: तिनातून एक गेला दोन, पाचातून शून्य गेलं पाच, आठातून दोन गेले सहा. हा निष्काळजीपणा नाही. शतक सुटं करून दशक होतात, दशक सुटं करून एकक होतात, हेच अजून डोक्यात बसलेलं नाही. अशा मुलाला कोणताही 'पुढचा' क्लास लावला तरी ही फट तशीच राहते, वर वेगाचा थर चढतो. त्याला हवेत काड्यांचे गठ्ठे, शंभर-दहाच्या खेळण्यातल्या नोटा आणि पंधरा दिवस रोज वीस मिनिटं. त्याला फी लागत नाही. वर्गशिक्षकांना जाऊन सांगा, ते करून घेतील. शिक्षक मित्रांनो, हे काम आपलंच आहे, क्लासवाल्यांचं नाही.

ज्याचा पाया पक्का आहे त्याच्यासाठी पुढचं.

अबॅकसच्या चौकटीत प्रत्येक दांडीवर वर एक मणी असतो, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. मूल आधी बोटांनी मणी हलवतं, मग मणी मनात आणून हिशेब करतं. बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो, चित्त एका जागी बसायला लागतं, आणि गणिताला घाबरणारं मूल "मला येतंय" म्हणायला लागतं. हा फायदा लहान नाही. पण सराव सुटला की वेगही हळूहळू जातो, हे लक्षात ठेवूनच पैसे भरा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार जाणवते. काही क्लासमध्ये आकडे इंग्रजीत पुकारतात. मराठीत आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी बोलतो, वीस नंतर. इंग्रजीत 'ट्वेंटी सेव्हन', वीस आधी. घरी आणि बाजारात एक क्रम, क्लासमध्ये दुसरा, अशात पहिली-दुसरीचं मूल ७२ आणि २७ मध्ये गोंधळतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. वाद काहीही असो, मुलांची ती अडचण खरी आहे. मूल मराठी शाळेत असेल तर क्लास कोणत्या भाषेत आकडे बोलतो, हे जरूर विचारा.

आता वेग म्हणजे गणित नव्हे, हे कसं ओळखायचं? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. मुलाला विचारा, या भावाने ७ क्विंटल ४० किलोचे किती होतील? कागद देऊ नका, फक्त अंदाज विचारा. एखादं मूल सपासप गुणाकार करतं, पण ४० किलोचं काय करायचं तिथे अडतं. दुसरं मूल म्हणतं, "पाच हजार धरले तर सात क्विंटलचे पस्तीस हजार, चाळीस किलोचे दोन हजार, म्हणजे सदतीस हजारांपेक्षा थोडे कमी." नेमकं उत्तर ३६,२०० रुपये ८० पैसे. दुसऱ्या मुलाला संख्येची जाण आहे. उद्या मोंढ्यात त्याची पट्टी कोणी चुकवू शकणार नाही.

वैदिक गणिताबद्दल थोडक्यात सांगतो. भारती कृष्ण तीर्थ यांचं हे पुस्तक १९६५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. त्यातली सूत्रं वेदांमध्ये जशीच्या तशी सापडत नाहीत, पण युक्त्या मजेदार आहेत. ९७ गुणिले ९६ घ्या. शंभराला ३ आणि ४ कमी. ९७ मधून ४ गेले ९३, तीन चोक १२, उत्तर ९३१२. हे असं का होतं ते शिकवणारा समजावत असेल, तर आठवीची बैजिक राशी पाचवीतच ओळखीची होते. नुसतं पाठ करून घेत असेल तर तो जादूचा प्रयोग झाला.

स्कॉलरशिप परीक्षेचं वेगळं. एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पहिल्या पेपरातले ५० प्रश्न गणिताचे असतात. तिथे पर्याय पाहून चुकीचे गाळण्याचा सराव लागतोच. ही परीक्षा कोणत्या इयत्तेला, हे मधल्या काळात बदलत आलंय, म्हणून शाळेतूनच खात्री करा. कित्येक जिल्हा परिषद शाळांत गुरुजी-बाई जादा तास घेतात, एक रुपया न घेता. बाहेर क्लास शोधण्याआधी तिथे पाठवा.

आठवीच्या पालकांनी एनएमएमएस परीक्षा तर सोडूच नये. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित शाळेत नाव घालताना ही अट फार थोड्या पालकांना माहीत असते.

इतकं पाहूनही क्लास लावायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी एक दिवस मागे बसून पाहा. भिंतीवरच्या ट्रॉफ्या बघू नका. शिकवणारी व्यक्ती "उत्तर किती?" एवढंच विचारते, की "कसं काढलंस?" हेही विचारते? चुकलेलं उत्तर पुसून टाकते, की फळ्यावर राहू देऊन मुलांनाच चूक शोधायला लावते? परवानगीच दिली नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

क्लास परवडत नसेल तर मूल मागे पडतं असं मात्र अजिबात नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. संख्यांशी खेळता खेळता त्यांना ६१७४ ही संख्या सापडली, आणि आज जगभर ती 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२. पुढे ८५३२ − २३५८ = ६१७४. आता पुन्हा करा, ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. हातच्याच्या वजाबाकीचा याहून गोड सराव मला माहीत नाही. मुलं आपणहून वही भरतात.

मोठ्या मुलांसाठी आपल्या जवळचं लोणार आहेच. विवराचा व्यास साधारण १८०० मीटर धरा. काठाकाठाने एक चक्कर मारायला किती वेळ लागेल? सूत्र पुस्तकात असतं, पण आपण तासाला किती चालतो ते मुलांना आधी स्वतः मोजावं लागतं. वाचायला मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' शाळेच्या ग्रंथालयात मागवून ठेवा.

शिक्षक मित्रांनी शनिवारी शेवटचा अर्धा तास यासाठी ठेवून पाहावा. पहिल्या शनिवारी कापरेकरांचाच खेळ द्या, पण तीन अंकी संख्यांवर. शेवटी कोणती संख्या येते ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही मुलांना सांगू नका. मधेच ९९ आले तर पुढे शून्य लावून ०९९ घ्यायचं, एवढंच सांगा.