गाडी लागते, की गाडीतला वास?

पावसाळ्यातली सोमवारची ओपीडी. आई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. घरी जुनी मोटार घेतल्यापासून मुलीला मागच्या सीटवर बसलं की मळमळायचं, डोकं दुखायचं, दोनदा उलटीही झाली होती. ‘हिला गाडी लागते डॉक्टर, एखादी गोळी लिहून द्या,’ एवढंच आईचं म्हणणं होतं. बोलता बोलता कळलं, की हीच मुलगी एसटीने घाट चढून मामाच्या गावी मजेत जाते. मग मी विचारलं, ‘ताई, तुमच्या गाडीत कसला वास येतो का?’

‘पेट्रोलचा येतो ना! म्हणून तर परफ्यूमची डबी लावलीय. टाकी फुल्ल केली की दोन दिवस जरा जास्त येतो.’

मी गोळीऐवजी गाडी आधी तपासून घ्यायला सांगितलं. अनेक मोटारींत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटखाली असतं. या गाडीत त्या झाकणालाच बारीक चीर गेली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये चासिस नंबर टाकल्यावर उलगडा झाला, की कंपनीने या दोषासाठी गाडी पूर्वीच परत बोलावली होती. पत्र मात्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं होतं. सुटा भाग मोफत बदलून मिळाला आणि मुलीचं ‘गाडी लागणं’ थांबलं.

पेट्रोलच्या वाफेने डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, डोळ्यांची आग होऊ शकते. लहान मुलं, गर्भवती आणि दमेकऱ्यांनी विशेष जपावं. पेट्रोलमध्ये थोडं बेंझीनही असतं. ते दीर्घकाळ शरीरात जात राहिलं, तर अस्थिमज्जेला इजा होते आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चार दिवस वास आला म्हणून कर्करोग होत नाही. पण महिनोन् महिने तो सोसण्याचंही कारण नाही. शिवाय नाक फसवं असतं. थोड्याच वेळात त्याला वासाची सवय होते आणि आपल्याला वाटतं, वास गेला. परफ्यूम म्हणजे तर ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर लपवण्यासारखं.

मोठा धोका आगीचा. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची पेटण्याइतकी वाफ तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड ज्याने पाहिला आहे, तो पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष करणार नाही.

असे दोष दुर्मीळ नाहीत. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने पेट्रोलच्या पंपातील संभाव्य दोषासाठी वॅगनआर आणि बलेनो मिळून १ लाख ३४ हजार ८८५ गाड्या परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने भारतात ९० हजारांहून अधिक गाड्यांचे पंप बदलण्याचं जाहीर केलं. त्यातल्या फिरत्या चकतीतील दोषामुळे इंजिन बंद पडण्याची शक्यता होती. महामार्गावर मागून ट्रक येत असताना इंजिन बंद पडलं, तर काय होईल हे सांगायला नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहनं परत बोलावण्याचे सक्तीचे नियमही लागू झाले. म्हणजे ही कंपनीची मेहेरबानी नव्हे.

एवढं करा:

• वास आला तर काचा उघडा, गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करून सगळ्यांना उतरवा. काडी, सिगारेट, लायटर दूर ठेवा. गाडी पुन्हा सुरू न करता मेकॅनिकला तिथेच बोलवा.

• आरसी बुकवरचा चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा. जुनी गाडी घेतली असेल, तर आपला फोन नंबर आणि पत्ता तिथे नोंदवा.

• नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढू नका. दरवर्षी असे रुग्ण आमच्याकडे येतात. घोटभर पेट्रोलही श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येते. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीतून ते फुप्फुसात जाऊ शकतं. थेट रुग्णालय गाठा.

• अंगावर पेट्रोल सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा. आगीपासून दूर राहा.

त्या मायलेकी गेल्या, त्या संध्याकाळी मी माझ्याही गाडीचा नंबर तपासला. सर्व्हिसचे मेसेज जाहिराती समजून मीही न वाचताच पुसत होतो. माझ्या गाडीचं काही निघालं नाही. पण ते कळायला दोन मिनिटंच लागली. आज घरी गेल्यावर तुम्हीही ती दोन मिनिटं काढा.