ऑपरेशन झालेली मांजर माजावर येते तेव्हा

"डॉक्टर, तुम्ही पिशवी काढली म्हणालात, मग ही पुन्हा माजावर आली कशी?" हा प्रश्न वर्षाकाठी एक-दोनदा तरी माझ्यापुढे येतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे. कामाचा मोठा भाग अर्थातच गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचा. मांजर आमच्याकडे पूर्वी क्वचितच यायची. भाताच्या कणगीजवळचे उंदीर धरावेत, उरलंसुरलं दूध प्यावं आणि आजारी पडली तर कुठंतरी आडोशाला जाऊन बसावं, एवढंच तिचं आयुष्य. आता आसनगाव-वासिंदकडे इमारती झाल्या, तिथली मंडळी मांजर टोपलीत घालून आणतात. खेड्यातल्या बायकाही विचारतात, "हिचं ऑपरेशन होतं का हो?" कारण वर्षातून दोन-तीनदा होणारी पिल्लं कुठं सोडायची, हा प्रश्न शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतो. गोणीत घालून बाजाराच्या दिवशी सोडून दिलेली पिल्लं मी पाहिली आहेत. म्हणून ही ऑपरेशनं मला महत्त्वाची वाटतात, आणि म्हणूनच एखादं ऑपरेशन फसलं की काय होतं, हेही मोकळेपणानं सांगायला हवं.

फसलेलं ऑपरेशन माझंच होतं. सरळगावच्या पुढं एका पाड्यावर एक आजी राहतात. त्यांच्या मनी नावाच्या मांजरीचं ऑपरेशन मी मार्गशीर्षात केलं. टाके सुकले, मनी पुन्हा उंदरांच्या मागे लागली. फाल्गुनात आजींचा फोन आला. "डॉक्टर, मनी माजावर आलीय." मी हसलो. म्हटलं, "आजी, ती आता माजावर येणारच नाही. थंडी गेली की मांजरी लोळतात, लाडात आली असेल." आजींचं उत्तर मला आजही आठवतं. "चाळीस वर्षं गुरं राखली मी. माज कशाला म्हणतात ते मला शिकवू नका." मी दोन शब्द समजुतीचे बोललो आणि फोन ठेवला. चूक इथंच झाली. ऑपरेशनात झालेल्या चुकीपेक्षाही ही मोठी, असं मी मानतो.

मांजरीचा माज ज्यानं पाहिलेला नाही त्याला तो आजार वाटतो. कुत्रीसारखा रक्तस्राव दिसत नाही. मांजर रात्रभर ओरडते, तेही नेहमीचं म्याव नव्हे. लहान मूल रडावं तसा लांबट, घशातून येणारा आवाज. जमिनीवर गडाबडा लोळते, माणसांच्या पायांना, दाराच्या चौकटीला अंग घासत राहते. पाठीवर शेपटाच्या मुळाशी हात ठेवला की छाती जमिनीला टेकवते, कंबर वर उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवते. पोटात दुखतंय म्हणून कितीतरी लोक अशी मांजर घेऊन धावत येतात. ही अवस्था साधारण आठवडाभर टिकते. बोका मिळाला नाही तर आठवडा-दोन आठवडे शांत जातात आणि पुन्हा तेच सुरू. गाईचा हिशेब एकवीस दिवसांचा आणि तिचं बीज आपोआप सुटतं. मांजरीचं बीज सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे तिचा माज असा पुन्हा पुन्हा येत राहतो. यात उजेडाचाही भाग आहे. दिवस मोठा होऊ लागला की मांजरीचं चक्र जोर धरतं. आपल्याकडे डिसेंबरातला दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांच्या. थंड देशांइतका हा फरक मोठा नाही, म्हणून आपल्या मांजरी जवळजवळ वर्षभर वितात, हिवाळ्यात थोडी उसंत एवढंच. माझ्या हातून मार्गशीर्षात राहिलेली चूक फाल्गुनात का बोलू लागली, त्याचं एक कारण हेही असावं.

आता मुळाकडे येऊ. बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनामुळे आपल्या मनात एक गोंधळ असतो. त्या ऑपरेशनात गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळ्या बांधतात. अंडाशय जागच्या जागी राहतं आणि पाळीही चालू राहते. मांजरीचं तसं नसतं. तिच्या नेहमीच्या ऑपरेशनात दोन्ही अंडाशयं काढतात, बहुधा गर्भाशयासकट. माज आणणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक अंडाशयातच तयार होतं. अंडाशयं गेली की माज गेला. माजावर असतानाच ऑपरेशन झालं असेल तर चार-आठ दिवस थोडी चिन्हं राहतात, पण त्यापुढं नाही. तेव्हा ऑपरेशनानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, मांजर नेमानं माजावर येऊ लागली, तर पहिला संशय एकच घ्यायचा: अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे.

तो राहतो कसा? मांजरीचं अंडाशय वालाच्या दाण्याएवढं. मूत्रपिंडाच्या मागच्या बाजूला चरबीत लपलेलं आणि एका बंधानं वर ताणून धरलेलं असतं. उजवं जरा अधिक पुढं, अधिक खोल. आपण पोटाला दोन बोटांचा छेद घेतो, आकड्यानं गर्भाशयाचं शिंग बाहेर ओढतो आणि अंडाशयाच्या पलीकडे चिमटा लावून कापतो. चिमटा पलीकडे लागण्याऐवजी अंडाशयाच्या अंगावरून गेला, की मुगाएवढा भाग आत उरला. मांजर लठ्ठ असेल, छेद लहान असेल, किंवा भर ऑपरेशनात वीज गेली असेल (आमच्याकडे हे नवीन नाही), तर हे घडायला वेळ लागत नाही. क्वचित एखाद्या मांजरीत अंडाशयाच्या पेशी जन्मतःच भलत्या ठिकाणी असतात, आणि काही डॉक्टर त्याच कारणाचा आधार घेतात. तसं असू शकतं, पण बहुतेक वेळा हात आपलाच चुकलेला असतो.

तुकडा तुटून पोटात नुसता पडला तरी तो मरून जाईल, असं वाटतं. तसंही नाही. १९७० साली शेमवेल आणि वीड या दोघांनी मांजरींवर प्रयोग केला. त्यांचा मूळ प्रश्न स्त्रियांचा होता: अंडाशय काढल्यावरही काही जणींत त्याची लक्षणं का उरतात? त्यांनी मांजरीच्या अंडाशयाचा रक्तपुरवठा तोडून तो भाग पोटात ठेवून दिला. तो तिथंच चिकटला, त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि तो काम करू लागला. आंब्याचं कलम धरावं तसंच हे.

पण लगेच सुरी हातात घ्यायची नाही. आधी इतर शक्यता बघाव्या लागतात. काही वेळा मांजरीचं ऑपरेशन झालेलंच नसतं. कुणी सांगितलं म्हणून आपण धरून चालतो. लघवीच्या त्रासानं किंवा दुखण्यानंही मांजर रात्री ओरडते. म्हातारी मांजर थायरॉइडच्या विकारानं घर डोक्यावर घेते. आणखी एक कारण शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. पाळी गेलेल्या काही स्त्रिया हातावर इस्ट्रोजेनचं मलम लावतात. मांजर तो हात चाटते किंवा त्या हातांत झोपते, आणि ते औषध तिच्या अंगात जातं. मुरबाडात मला असं प्रकरण भेटलेलं नाही, पण परदेशांत अशा नोंदी झालेल्या आहेत. घरात असं मलम असेल तर डॉक्टरला न लाजता सांगा.

आजींनी मात्र माझी वाट पाहिली नव्हती. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाय कधी भरवली त्याच्या खुणा असतात, दुधाचा हिशेबही तिथंच. त्या खुणांच्या शेजारी त्यांनी मनीसाठी काड्या ओढून ठेवल्या. मी दुसऱ्याच कामासाठी पाड्यावर गेलो तेव्हा त्यांनी कॅलेंडर काढून माझ्यापुढं धरलं. सहा-सात दिवस काड्या, मग साधारण दोन आठवडे कोरे, पुन्हा काड्या, आणि असं तीन वेळा. वर त्या म्हणाल्या, "चार बोके रोज रात्री पडवीत बसतात. ते काय माझ्यासाठी येतात?" बोके फसत नाहीत, हे खरं. शिवाय पाड्यावरच्या ज्या बायका आपल्या मांजरी आणणार होत्या, त्यांनी बेत रद्द केला होता. ऑपरेशन करून काही होत नाही, असं त्यांचं ठरलं होतं.

मनी त्या दिवशीही माजावरच होती. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक कापसाच्या बोळ्यानं मी तिच्या योनिमार्गातल्या पेशी घेतल्या, काचेवर पसरल्या आणि दवाखान्यात रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एरवी या पेशी गोल असतात, मधोमध ठळक केंद्रक असतं. इस्ट्रोजेन असलं की त्या चपट्या, कोनेदार, वाळलेल्या पळसाच्या पानांसारख्या होतात आणि केंद्रक दिसेनासं होतं. मनीची काच अशा पानांनी भरलेली होती. ज्या मांजरीला अंडाशय नाही तिच्यात हे दिसायला नको. ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते; अट एकच, मांजर माजावर असताना यायला हवी. ओरडणं थांबल्यावर आणली तर काच काहीच सांगत नाही.

पुढची पायरी रक्ताची. गाईंना आम्ही बुसेरेलिनचं इंजेक्शन देतो, तेच लहान मात्रेत मनीला दिलं. अंडाशयाचा तुकडा असेल तर त्यानं बीज सुटतं, तिथं पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. हे रसायन बाईत, गाईत आणि मांजरीत एकच असतं, म्हणून आठवड्यानं रक्त काढून कल्याणच्या एका माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या मुलानं कागदावर 'पेशंट: मनी, वय २' असं लिहून वर 'मिसेस' लावलं होतं. आकडा चढलेला आला. मोठ्या शहरांत अंडाशयाचा मागमूस काढणाऱ्या एएमएचसारख्या इतर रक्ततपासण्याही करता येतात.

इथं काही जण विचारतील, पिल्लं तर होणार नाहीत, मग कशाला पुन्हा पोट फाडायचं? गर्भाशय पूर्ण गेलं असेल तर पिल्लं होत नाहीत, हे बरोबर. पण माजावरची मांजर रात्री घरात थांबत नाही. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या वस्त्यांत अशा मांजरी गाडीखाली येतात. कुत्री धरतात, बोके मानेला चावतात आणि तिथं गळू होतं. चाव्यातून रेबीजही येऊ शकतो. गर्भाशयाचा बुंधा आत उरला असेल तर संप्रेरकांच्या माऱ्यानं त्यात पू होतो, आणि तो जिवावर बेततो. स्तनांच्या गाठींचा धोकाही उरतोच.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. माज थांबवायला मेडिकलमधून बायकांच्या गोळ्या आणून देऊ नका, संप्रेरकाचं इंजेक्शन मागू नका. आवाज थांबतो, पण त्या औषधांनी मांजरीचे स्तन सुजतात, पुढं कर्करोग होऊ शकतो, मधुमेह होऊ शकतो, उरलेल्या बुंध्यात पू होऊ शकतो. आणि आतला तुकडा आहे तिथंच राहतो.

दुसरं ऑपरेशन मी इंजेक्शननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात केलं, कारण पीतपिंड रंगामुळे डोळ्यांना सापडतो. शांत काळात तोच तुकडा चरबीत दिसत नाही. या वेळी छेद मोठा घेतला, दोन्ही मूत्रपिंडांच्या मागं नीट पाहिलं. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे, जुन्या गाठीच्या अगदी शेजारी, मुगापेक्षा जरा मोठा दाणा होता आणि त्यावर नारिंगी-पिवळा ठिपका. दोन्हीकडची जुनी गाठ भोवतालच्या भागासकट काढली, फॉर्मेलिनमध्ये घालून तपासायला पाठवली. अंडाशयच निघालं. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तुमच्या मांजरीबाबत असं वाटलं तर काय करायचं? फोनवर तिच्या लोळण्या-ओरडण्याची फिल्म काढून ठेवा, तारखा लिहा, आणि ती ओरडत असतानाच आणा. घरात कोंडायला खोली नसेल तर कोंबड्यांचं रिकामं खुराडं चालतं. आजींनी तेच वापरलं. ज्यानं ऑपरेशन केलं त्याच्याकडे आधी जा, आणि तो लाडात आली असेल म्हणाला तर कागद पुढं करा.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. काढलेली दोन्ही अंडाशयं पांढऱ्या कापडावर ठेवून कडा पूर्ण आहेत ना ते बघतो आणि मालकांनाही दाखवतो. पुढच्या खेपेला आजी शेजारणीची मांजर घेऊन आल्या होत्या. कापडावर वाकून त्यांनी बोटानं मोजलं, "एक, दोन. उजवं कुठलं?" मी दाखवलं. मग त्यांनी शेजारणीला आत बोलावलं.