उत्तर आणि आधार

शिवछत्रपतींची जन्मतारीख कोणती, असा प्रश्न आज एखाद्या विद्यार्थ्यास प्रकल्पासाठी दिला, तर तो मोबाइल उघडून क्षणार्धात ‘१९ फेब्रुवारी १६३०’ हे उत्तर वहीत उतरवून घेतो. उत्तर बिनचूक असते, शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतात, आणि ज्यास संशोधन म्हणावे त्याचा वस्तुतः प्रारंभही झालेला नसतो.

ही एक ओळ सिद्ध करण्यासाठी आपल्या विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हाच जन्मकाळ मानला जात असे. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. एवढ्यावर अभ्यासकांनी समाधान मानले नाही. तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगगणिताने तपासला गेला, कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात हीच तिथी आढळली, जोधपूरच्या संग्रहातील कुंडलीने तिला दुजोरा दिला. तरीही वाद पुष्कळ काळ चालला, आणि महाराष्ट्र शासनाने या तिथीवर मोहोर उमटवली ती २००१ साली. शिवाय ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन गणनेची असून आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च ठरतो, हे केवळ उत्तर उतरवून घेणाऱ्याच्या गावीही नसते.

ग्रंथ वाचताना ही सारी वाट आपोआप पायाखालून जाते, कारण प्रामाणिक ग्रंथकार प्रस्तावनेत आपली साधने सांगतो आणि तळटीपेत प्रत्येक विधानाचा दाखला देतो. इंटरनेटवर मात्र एकाच मजकुराची नक्कल दहा ठिकाणी आढळते आणि अननुभवी वाचकास ती दहा स्वतंत्र साक्षीदारांची ग्वाही वाटते. साक्षीदार एकच असतो, व तो कोण, हेही पुष्कळदा कळत नाही.

म्हणून या साधनास दूषणे देणे मात्र अन्यायाचे होईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आज कोणत्याही खेड्यातील मुलास घरबसल्या वाचता येतो. ज्या कागदपत्रांसाठी इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट केली, त्यांचे छापील खंडही पडद्यावर उघडतात. इंटरनेटने ग्रंथालयापर्यंतचा प्रवास वाचवला आहे. वाचनाचे श्रम मात्र कोणासही वाचवता येणार नाहीत.

तेव्हा शिक्षकांनी ‘उत्तर काय’ एवढेच न विचारता ‘हे कशावरून’ असेही विचारावे, मूळ ग्रंथाचे नाव व पृष्ठांक मागावा, विरुद्ध मत कोणाचे व ते का टिकले नाही हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहवून घ्यावे, आणि निम्मे गुण त्यासाठीच राखून ठेवावेत.