‘पुट ऑफ’ आणि सांगलीची तार

सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां साताऱ्यास बिऱ्हाड करून होतों व नुकतेच शाळामास्तर झालों होतों. शेजारच्या गृहस्थांच्या मुलीचें लग्न सांगलीस ठरलें होतें. लग्नाला आठ दिवस उरले असतां सांगलीहून तार आली. तार इंग्रजींत, म्हणून काका ती घेऊन आमच्याकडे धांवले. पांचच शब्द: ‘मॅरेज पुट ऑफ लेटर फॉलोज’. पत्र मागाहून येत आहे, हें उघड होतें. पण ‘पुट ऑफ’? ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘ऑफ’ म्हणजे दूर. शिवाय इंग्रजी बायबलांत मोशेला पायांतले जोडे काढण्याची आज्ञा होते, तेथें हाच प्रयोग आम्हीं वाचलेला! आम्हीं गंभीरपणें सांगितलें, “काका, लग्न मोडलें.”

काकूंनीं अंथरूण धरलें. काकांनीं त्याच संध्याकाळीं सांगलीकरांच्या कुळाचा उद्धार करणारें पत्र टपालांत टाकलें. तिसऱ्या दिवशीं तिकडचें पत्र आलें. वराची आजी वारली होती. सुतक आल्यामुळें मुहूर्त पुढल्या महिन्यांत धरूं, असा मजकूर. दोन्ही पत्रें वाटेंत एकमेकांस ओलांडून गेलीं होतीं. लग्न झालें; पण विहिणींचें बोलणें पुढें कित्येक वर्षें त्या पत्राभोंवतींच फिरत राहिलें.

उपसर्ग लागला कीं धातूचा अर्थ कोठल्या कोठें जातो, हें संस्कृत शिकलेल्यास सांगावयास नको. ‘हृ’ हा एकच धातु. त्याचेच आहार, विहार, संहार, परिहार होतात. एवढें पाठ असूनही ‘पुट’ला ‘ऑफ’ लागतांच आम्हीं दोन अर्थांची नुसती बेरीज केली! कारण इंग्रजी उपसर्ग क्रियापदाच्या मागून येतो व सुटा राहतो, म्हणून तो उपसर्ग वाटतच नाहीं. वास्तविक वेदांतही उपसर्ग धातूच्या नंतर येतो, किंवा मध्यें इतर शब्द घेऊन दूर उभा राहतो. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत तें सांगून ठेवलें आहे. इंग्रजींतील अशा जोडीस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडिअम्स’ या पुस्तकामुळें रूढ झालें. त्यांना तें कोशकार हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें.

आतां ‘पुट ऑफ’चा व्यवहार पाहूं. सभा, परीक्षा, लग्न ‘पुट ऑफ’ झालें म्हणजे लांबणीवर पडलें. तें व्हावयाचें आहे. व्हावयाचेंच नसेल, तर ‘कॉल ऑफ’. माणसाला ‘पुट ऑफ’ केलें म्हणजे सबब सांगून वाटेस लावलें, उधारी मागणाऱ्यास आपण ‘उद्यां या’ म्हणतों तसें. आमटींत केस निघाला आणि जेवणावरून मन उडालें, तर त्या केसानेंही आपल्याला ‘पुट ऑफ’च केलें! पाठ म्हणणाऱ्या मुलाच्या कानाशीं कोणी कुजबुजलें व तो अडखळला, तरी हाच प्रयोग. जोडे किंवा वस्त्र उतरण्याचा अर्थ आतां जुना झाला. तेथें ‘टेक ऑफ’ म्हणतात. दिवा मालवण्यास आपलीं मुलें ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात. साहेब बहुधा ‘टर्न ऑफ’ म्हणेल.

रचनेंत मुलें दोन ठिकाणीं हमखास चुकतात. सर्वनाम मध्यें घालावयाचें: ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. आणि पुढें क्रियापद आल्यास ‘पुट ऑफ गोइंग’. ‘टु गो’ नव्हे.

इंग्रजीला नांवें ठेवण्यांत मात्र अर्थ नाहीं. आपणही लग्न लांबणीवर ‘टाकतों’, आणि नवऱ्यानें बायको ‘टाकली’ असेंही म्हणतों. मराठी शिकणाऱ्या परक्यानें यांतून काय समजावें?

ती मुलगी आज सांगलीस आजी झाली आहे. गेल्या वर्षीं आम्ही तिच्याकडे गेलों असतां तिनें मोबाइल पुढें केला. नातवाची परीक्षा ‘पुट ऑफ’ झाल्याचा शाळेचा संदेश होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “या वेळीं नीट वाचा हं.”